उरलेल्या लाकडाचे कोंदण: स्टेट कॉलेजमधील कुंड्यांसाठी लहान लाकडी आधार

पेनसिल्व्हेनिया या नावाचा अर्थच ‘पेनचे अरण्य’ असा आहे. राज्याच्या जवळजवळ मध्यावर, निटनी डोंगराच्या पायथ्याशी वसलेले स्टेट कॉलेज आजही चहूबाजूंनी झाडांनी वेढलेले आहे. नव्या घरांची बांधकामे, डोंगरापलीकडच्या आमिश वस्त्यांतील सॉ मिल, वादळात किंवा रोगाने पडलेली झाडे आणि ऑगस्टमध्ये भाडेकरार संपताच रस्त्याच्या कडेला येणारे विद्यार्थ्यांचे सामान, या सर्वांतून येथे वर्षभर लाकडाचे तुकडे उरत असतात. यांतले बरेचसे वीतभर ते हातभर लांबीचे. त्यांचे टेबल होत नाही की कपाट होत नाही. परंतु लहान कुंडीची बैठक, चार पायांची घोडी किंवा भोके पाडलेली फळी यांसाठी तेवढी लांबी पुरते.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग आपल्या शाळांतील कार्यानुभवाच्या तासाने घरोघरी पोचवला. त्यातील ‘टाकाऊ’ हा भाग सहज जमतो. ‘टिकाऊ’ होण्यासाठी मात्र हातात आलेले लाकूड कोणत्या झाडाचे आहे, ते कोठून आले आणि पाण्याशी त्याचे कसे जुळते हे ठाऊक असावे लागते. प्रस्तुत लेख मुख्यतः त्याविषयी आहे.

आधार हवाच कशाला?

स्टेट कॉलेज सुमारे ४०.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी येथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात तो ४८ अंशांवर असतो. दिवस सव्वानऊ तासांचा, आणि त्यातही ढगाळ दिवसच फार. अशा वेळी तुळशीला ऊन मिळण्याची जागा एकच, ती म्हणजे दक्षिणेकडची खिडकी. परंतु येथील खिडक्यांच्या कडा अरुंद असतात. चार इंची कुंडीदेखील त्यांवर नीट बसत नाही. शिवाय जुन्या भाड्याच्या घरांत बहुधा खिडकीच्या खालीच भिंतीलगत उष्णतेची लांब पट्टी असते. जमिनीवर ठेवलेली कुंडी या पट्टीच्या कोरड्या झळीत भाजून निघते, आणि काचेला टेकलेली कुंडी रात्री गारठते. तुळस हे उष्ण प्रदेशातील झाड. तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ते पाने टाकू लागते, आणि एका रात्रीच्या हिमकणांनीही संपते. कढीपत्ता अधिक चिवट. तो पाने गाळून का होईना, हिवाळा काढतो. तुळशीविवाह कार्तिकात, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात येतो. तोवर येथील तुळस घरात आलेली असते.

म्हणून कुंडी काचेपासून चार बोटे दूर, झळीच्या वाटेतून बाजूला आणि उजेडाच्या पातळीवर धरून ठेवणे हे या लाकडी आधाराचे खरे काम. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने कुंडीचा तळ थंड दगडी कडेवर किंवा फरशीवर टेकत नाही, हा आणखी एक लाभ. थाळीतून सांडणारे पाणी गालिच्यावर न गेल्याने घरमालकाकडची अनामत रक्कम वाचते, हा तिसरा. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने कदाचित पहिला.

येथील लाकूड आणि त्यामागची झाडे

निटनी खोऱ्याभोवतीची झाडी पुरातन वाटते, पण ती तशी नाही. आज जेथे हे शहर आहे तेथे १७९१ मध्ये सेंटर फर्नेस ही लोखंडाची भट्टी उभी राहिली. अशा भट्ट्या लोणारी कोळशावर चालत, आणि त्या कोळशासाठी आसपासचे डोंगर अक्षरशः बोडके झाले. त्यानंतर इमारती लाकूड आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी हेमलॉकची साल यांसाठी उरलेली जंगले तुटली. आज दिसते ती त्यानंतर पुन्हा वाढलेली झाडी. स्टेट कॉलेजच्या दक्षिणेकडील रॉथ्रॉक राज्य वनाला ज्यांचे नाव दिले आहे, ते जोसेफ रॉथ्रॉक या पुनर्वाढीच्या चळवळीचे अध्वर्यू होते. आता कठीण लाकडाच्या उत्पादनात पेनसिल्व्हेनिया अमेरिकेत अग्रेसर मानले जाते, आणि येथील ब्लॅक चेरीला जगभर मागणी असते.

लाकडाचे उरलेले तुकडे आणि झाडांचे दुखणे यांचा संबंध या गावात डोळ्यांसमोर दिसतो. पेन स्टेट विद्यापीठाच्या आवारात, ॲलन स्ट्रीटच्या फाटकापासून पॅटी ग्रंथालयाकडे जाणाऱ्या वाटेच्या दुतर्फा अमेरिकन एल्मची कमान आहे. विसाव्या शतकात डच एल्म रोगाने अमेरिकेतील गावोगावची एल्म झाडे नाहीशी केली; सालीखाली राहणारे भुंगेरे त्या रोगाची बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. इतकी मोठी एल्मराई टिकून राहिलेल्या थोड्या ठिकाणांत या आवाराची गणना होते. परंतु २००७ मध्ये येथे ‘एल्म यलोज’ हा दुसरा रोग आढळला. त्यावर उपाय नसल्याने बरीच जुनी झाडे तोडावी लागली. ते लाकूड भुगा करून टाकण्याऐवजी जपून, वाळवून त्यातून ‘एल्म्स कलेक्शन’ या नावाने फर्निचर व लहान वस्तू घडविण्यात आल्या. आपण ज्या झाडाखालून वर्गाला गेलो त्याचा तुकडा घरात असावा, असे वाटणारे माजी विद्यार्थी थोडे नव्हते.

ॲश या झाडाची गोष्ट अधिक व्यापक आहे. एमरल्ड ॲश बोरर हा हिरवा चकचकीत किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियात पोचला. त्याच्या अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरतात आणि मोठे झाड काही वर्षांत वाळून जाते. उत्तर अमेरिकेत कोट्यवधी ॲश झाडे अशी गेली. बेसबॉलच्या बॅटी आणि अवजारांचे दांडे ज्याचे करीत ते हे लाकूड. सरळ रेषांचे, चिवट आणि फिकट. गेल्या दशकभरात या भागातील आवारांतून आणि रस्त्यांच्या कडेहून वाळलेले ॲश सतत तुटत आले आहेत, त्यामुळे त्याचे तुकडे मिळणे कठीण नाही.

मिळवायचे कोठे? डोंगर ओलांडून आग्नेयेला गेले की बिग व्हॅली लागते. तेथील बेलव्हिलचा बुधवारचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि आसपासच्या आमिश सुतारांकडे चेरी, ओक, मेपल यांची कापून उरलेली टोके असतात. पुष्कळदा ती जळणाच्या भावात जातात. रोख पैसे न्यावेत, आणि रविवारी जाऊ नये. बेलफॉन्ट येथे हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीचे रिस्टोअर आहे. तेथे जुने दरवाजे आणि फळ्या येतात. विद्यापीठाच्या लायन सरप्लस या दुकानात जुने फर्निचर विकले जाते. त्यातील जुन्या टेबलांचे पाय आणि भरीव लाकडाच्या फळ्या हुडकण्याजोग्या असतात. बांधकामाच्या जागेवरील तुकडे मात्र विचारल्याशिवाय उचलू नयेत. बहुतेक मुकादम आनंदाने देतात. विचारायला दोन मिनिटे लागतात.

काय घेऊ नये

ऑगस्टमध्ये रस्त्यावर येणाऱ्या सामानातील बहुतांश वस्तू भरीव लाकडाच्या नसतात. भुसा व गोंद दाबून केलेल्या फळ्यांवर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला असतो. एका कुंडीचे पाणी पाझरले की अशी फळी पावासारखी फुगते. कडेचा कागद नखाने थोडा उचकटून पाहिला की उलगडा होतो. ती घेऊच नये.

हिरवट छटा असलेले, बाहेरच्या डेकसाठी औषध मारलेले लाकूड हा अधिक गंभीर प्रश्न. घरगुती वापराच्या अशा लाकडात २००३ अखेरपर्यंत क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सर्रास वापरले जाई. त्या काळातील डेक आजही मोडले जात आहेत आणि त्यांच्या फळ्या फुकट मिळतात. त्या कापल्या तर भुशातून आर्सेनिक श्वासात जाते. जाळल्या तर धुरातून आणि राखेतून. जिची पाने रोज चहात आणि काढ्यात जाणार, त्या तुळशीजवळ हे लाकूड नको. नव्या औषधांत आर्सेनिक नसते, तरी घरात ठेवायच्या वस्तूसाठी तेही टाळलेले बरे.

जुन्या कोठारांच्या राखाडी फळ्या फार देखण्या दिसतात आणि त्यांना भावही बरा येतो. त्यांवर रंगाचा अंश असेल तर तो शिशाचा असू शकतो, कारण अमेरिकेत घरगुती रंगातील शिशावर बंदी १९७८ मध्ये आली. असा रंग घासू नये. घरात रांगते मूल असेल तर हा नियम दुप्पट पाळावा. बिनरंगी फळी चालते. ती रंध्याखाली घालण्यापूर्वी आतील खिळे चुंबकाने शोधावेत, नाहीतर पात्याची धार जाते.

मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि शेजारी अक्षरे असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेला. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेला. दुसऱ्याला हात लावू नये. पहिला चालतो असे सर्वत्र सांगतात, पण त्या पॅलेटवर वाटेत काय सांडले हे खुणेत लिहिलेले नसते. खाण्याच्या झाडांसाठी पॅलेट वापरू नये, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या गावात त्याहून चांगले लाकूड तितक्याच श्रमात मिळते.

ब्लॅक वॉलनट अर्थात काळ्या अक्रोडाविषयी एक खुलासा. या झाडात जुग्लोन नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे टोमॅटोसारखी झाडे कोमेजतात. मुळे, कळ्या आणि फळांची साले यांत ते अधिक, लाकडात कमी. वाळलेल्या अक्रोडाची बैठक कुंडीखाली ठेवण्यात धोका नाही. त्याचा ओला भुसा मात्र कुंडीच्या मातीत मिसळू नये.

सालीसकट तुकडे आणणे दिसायला मोहक, परंतु आपल्या घरापुरतेच ठेवावे. ॲशचा किडा आणि एल्मचे भुंगेरे सालीखाली राहतात, आणि जळणाच्या ओंडक्यांसोबत गाडीतून शेकडो मैल जातात. न्यू जर्सीतील स्नेह्यांना भेट द्यायची असेल तर साल पूर्ण काढलेले, भट्टीत वाळवलेले लाकूडच वापरावे. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा आणखी एक उपद्रवी किडा अमेरिकेत प्रथम २०१४ मध्ये याच राज्याच्या बर्क्स काउंटीत आढळला. तो वाळल्या चिखलाच्या डागासारखे दिसणारे अंड्यांचे पुंजके कोणत्याही पृष्ठभागावर घालतो. बाहेर पडून राहिलेले लाकूड उचलण्यापूर्वी ते उलटून पाहावे.

पाणी आणि लाकूड

कोकणात आणि गोव्यात तुळशीचे वृंदावन चिऱ्याचे किंवा विटांचे बांधतात. देशावर दगडाचे. लाकडाची सुबत्ता असलेल्या कोकणातही ते लाकडाचे करीत नाहीत, कारण ओली माती आणि लाकूड यांचा सहवास लाकडाला मानवत नाही. लाकडातील ओलावा वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ओल्या मातीला टेकलेली फळी ती मर्यादा सहज ओलांडते. म्हणून उरलेल्या लाकडाची कुंडी करण्यापेक्षा कुंडीचा आधार करावा: माती भाजक्या कुंडीत, कुंडी थाळीत, आणि थाळीखाली किंवा कुंडीभोवती लाकूड. मध्ये हवा खेळायला जागा असावी.

हा नियम पाळला की लाकडाची निवड पुष्कळ मोकळी होते. ॲश, मेपल आणि एल्म ही तिन्ही लाकडे ओलाव्यात लवकर कुजतात. कुंडी करायला ती निरुपयोगी, आधारासाठी उत्तम. एल्मची एक गंमत अशी की ते सतत पाण्याखाली राहिले तर शतके टिकते. लंडनमध्ये एके काळी एल्मचे पोखरलेले ओंडके पाण्याचे नळ म्हणून पुरलेले होते. त्याला सोसत नाही ते आलटूनपालटून भिजणे आणि वाळणे, आणि कुंडीखाली नेमके तेच घडते.

पाण्याशी थेट संबंध येणारच असेल, उदाहरणार्थ बाल्कनीत, तर ब्लॅक लोकस्ट किंवा व्हाइट ओक घ्यावे. लोकस्ट हे या ॲपलाचियन डोंगरांतलेच झाड. त्याचे कुंपणाचे खांब जमिनीत दशकानुदशके टिकतात. व्हाइट ओकच्या गाभ्यातील नलिका नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात, म्हणून त्याची दारूची पिंपे होतात. रेड ओकच्या नलिका उघड्या असतात. दोहोंत शंका असेल तर बोटभर लांबीच्या तुकड्याचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकावे. बुडबुडे आले तर तो रेड ओक.

दुसरी बाब लाकडाच्या आकसण्याची. स्टेट कॉलेजचा उन्हाळा दमट, आणि हिवाळ्यात तापवलेल्या घरांतील हवा वाळवंटासारखी कोरडी. त्याच लाकडातील ओलावा उन्हाळ्यात सुमारे ११ टक्के आणि हिवाळ्यात ५ टक्क्यांच्या आसपास असतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीत ते आकसते आणि फुगते. पावणेचार इंचांचे गोल भोक पाडलेल्या ओकच्या साध्या फळीत हिवाळ्यात त्या भोकाचा आडवा व्यास सुमारे २ मिलिमीटरने कमी होतो. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली मातीची कुंडी जानेवारीत अडकते, आणि मग एकतर कुंडी तडकते किंवा फळी.

झाडाच्या बुंध्याच्या गोल चकत्यांनाही हेच लागू. त्या वाळताना परिघाच्या दिशेने त्रिज्येच्या जवळजवळ दुप्पट आकसतात, म्हणून त्यांना कडेपासून मध्यापर्यंत चीर पडते. तो दोष कारागिराचा नव्हे. चीर नको असेल तर चकती न कापता फळी कापावी, टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत मुरू द्यावी. एक इंच जाडीला एक वर्ष, हा सुतारांचा ढोबळ हिशेब.

तीन रूपे

सर्वांत सोपे म्हणजे कलमांचा ठोकळा. अमेरिकेतील ‘टू बाय फोर’ प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असतो. भारतातून आलेल्या माणसाचे पहिले माप येथेच चुकते. असा फूटभर तुकडा घेऊन त्याच्या रुंद बाजूवर मध्यरेषेत दर अडीच इंचांवर सव्वा इंच खोल भोके पाडावीत. एक इंच व्यासाची काचेची नळी असेल तर भोक एक आणि एक अष्टमांश इंचाचे. सप्टेंबरच्या अखेरीस तुळशीच्या शेंड्याची चार बोटे लांबीची, मंजिरी नसलेली फांदी खुडून, खालची पाने काढून नळीतल्या पाण्यात ठेवली की एकदोन आठवड्यांत मुळ्या फुटू लागतात. मोठ्या जुन्या तुळशीपेक्षा अशी तरुण रोपे घरातला हिवाळा चांगला सोसतात. थोरली तुळस गेलीच, तर वाण राहते. खिडकीची अरुंद कडाही या ठोकळ्याला पुरते.

दुसरे रूप भोकाच्या फळीचे. चार इंची मातीच्या कुंडीला वर जाड ओठ असतो. त्या ओठावर कुंडी फळीत लटकते. ओठाखालच्या अंगाभोवती कागदाची पट्टी गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला ३.१४ ने भागावे: परीघ ३० सेंटिमीटर असेल तर व्यास साडेनऊ सेंटिमीटरहून किंचित अधिक. भोक याहून ३ मिलिमीटर मोठे, पण ओठापेक्षा लहान असावे. साडेपाच इंच रुंद फळीत असे भोक पाडल्यावर दोन्ही बाजूंना इंचाहूनही कमी लाकूड उरते आणि फळी तेथेच उभी चिरते. त्यावरचा उपाय आपल्या जेवणाच्या पाटात आहे. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या त्याला उंची देतात, त्याहून महत्त्वाचे म्हणजे फळीला वाकू आणि चिरू देत नाहीत. भोकाच्या दोन्ही बाजूंना तशाच पट्ट्या खालून स्क्रूने बसवाव्यात; गोंद लावू नये, आणि पट्टीतील स्क्रूची भोके थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे फळीला ऋतूप्रमाणे हलता येते. लटकत्या कुंडीखाली थाळी ठेवण्यास विसरू नये.

तिसरे रूप घोडीचे, आणि सुतारकामाचा आनंद खऱ्या अर्थाने येथे. पाऊण इंच जाड व दीड इंच उंच अशा दोन पट्ट्या मधोमध एकमेकींत बसवून फुली करायची आणि फुलीच्या चार टोकांना चार पाय जोडायचे. पट्ट्यांची लांबी म्हणजे थाळीचा व्यास अधिक पाव इंच. दोन्ही पट्ट्यांच्या मध्यावर पाऊण इंच रुंद आणि पाऊण इंच खोल खाच घ्यावी, एकीत वरून आणि दुसरीत खालून. खाचेच्या रेषा पेन्सिलीने न आखता धारदार सुरीने कोराव्यात. करवत त्या रेषेच्या आत चालवावी आणि मधले लाकूड पटाशीने दोन्ही बाजूंनी थोडे थोडे काढावे. खाच सैल झाली तर घोडी डुगडुगते, म्हणून पहिला प्रयोग जळणाच्या तुकड्यावर करावा. पट्टीचे टोक पायाला नुसत्या गोंदाने धरत नाही, कारण उभ्या रेषांची टोके गोंद पिऊन टाकतात. प्रत्येक सांध्यात पाव इंच जाडीच्या दोन लाकडी खुंट्या, एकावर एक, पट्टीत इंचभर आत जातील अशा घालाव्यात. सव्वा इंची चौकोनी पायांना ॲश उत्तम. पायांची उंची खिडकीवरून ठरवावी: झाडाचा शेंडा काचेच्या मध्यावर यावा.

अवजारे फार लागत नाहीत. गुण्या, एक बारीक दातांची करवत, अर्ध्या इंचाची पटाशी, बॅटरीचे ड्रिल, दोन क्लॅम्प आणि पॉलिशपेपर. अपार्टमेंटमध्ये वीजकरवतीचा आवाज शेजाऱ्यांना खपत नाही. ओढताना कापणारी जपानी करवत शांत असते आणि कापही बारीक देते. बाकदार टेबलाची अडचण वाटून घेण्याचे कारण नाही. आपल्याकडचे सुतार पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसून, पायाच्या पकडीत लाकूड धरून दारे-खिडक्या घडवीत आले. नवशिक्याने पायाऐवजी क्लॅम्प वापरावा, एवढेच. भुसा उडवणाऱ्या कामाला मास्क लावावाच. लाकडाच्या बारीक भुशाचा दीर्घ सहवास कर्करोगकारक ठरलेला आहे, आणि बंद घरात तो दिवसचे दिवस तरंगतो.

शेवटचा हात

आधी १२० आणि मग १८० क्रमांकाच्या कागदाने, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच घासावे. त्यापुढे गुळगुळीत करण्याची कुंडीच्या बैठकीला गरज नाही. चंद्रस लावलेला पृष्ठभाग सुंदर चमकतो, पण ओल्या थाळीखाली त्यावर पांढरी वर्तुळे उमटतात. टंग तेल किंवा जवसाचे तेल लाकडात मुरते आणि दरवर्षी पुन्हा लावता येते. पाण्याला अधिक अडवायचे असेल तर पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. तळ आणि पायांची टोके हमखास विसरली जातात, आणि पाणी नेमके तेथूनच शिरते. टोकांना तिसरा हात द्यावा.

जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नये. ते तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि गोळा झालेली चिंधी कोणी काडी न लावता पेटते. ती बाहेर, एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावी, किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात झाकण लावून ठेवावी. लाकडी इमारतींत राहणाऱ्यांनी याकडे दुर्लक्ष करू नये.

तेल वाळायला आठवडाभर द्यावा आणि मगच कुंडी ठेवावी. थाळीच्या खाली बुचाच्या तीन लहान चकत्या चिकटवल्या की हवा खेळते. रोज पाणी घालून झाल्यावर थाळीतले उरलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. त्याने मुळेही कुजत नाहीत आणि लाकूडही. फेब्रुवारीत एकदा घोडी उलटी करून पाहावी: सांधे सैल झाले असतील तर ते हवेच्या कोरडेपणाने, आणि जूनमध्ये बहुधा आपोआप घट्ट होतील. काळे डाग दिसले तर ते ओकमधील टॅनिन आणि लोखंडी स्क्रू यांचे. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालावेत.

या खोऱ्यात मेच्या मध्यापर्यंत हिमकणांचे भय असते. त्यानंतर कुंड्या हळूहळू, पहिला आठवडा सावलीत ठेवून, बाहेर न्याव्यात. ॲश, मेपल आणि एल्मचे आधार घरातच राहू द्यावेत आणि त्यांना याच दिवसांत तेलाचा नवा हात द्यावा. उन्हापावसात जायचे ते लोकस्टने आणि व्हाइट ओकने.